सल्ला: सहा प्रती, एक गाभा आणि दहा दिवसांचं बिल

वाचकाचं पत्र

आमची १४ जणांची कंपनी आहे, त्यात ८ डेव्हलपर. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. सध्या साधारण ६०० संस्थांत ते चालतं. प्रत्येक दूध संघाचं दरपत्रक वेगळं, कपाती वेगळ्या, फॅट काढायची मशिनंही वेगळी. त्यामुळे मूळ प्रोग्रॅमच्या सहा प्रती झाल्या आणि एकीतली दुरुस्ती दुसरीत जायची राहते. आता मशिनं विकणारे, पशुखाद्याच्या दुकानाचं सॉफ्टवेअर करणारे, उत्पादकांसाठी मोबाइल ॲप काढणारे असे बरेच जण ‘आम्हाला जोडून घ्या’ म्हणून मागे लागलेत. त्यांना डेटाबेस उघडून द्यावा की एपीआय (ठरलेल्याच विनंत्या घेणारी जोडणी) करावा? दुसरं म्हणजे, वर्षभरापूर्वी स्क्रम (ठरीव मुदतीच्या टप्प्यांत काम करायची पद्धत) सुरू केलं, पण दोन आठवड्यांचा स्प्रिंट (असा एक टप्पा) एकदाही ठरल्याप्रमाणे पुरा झाला नाही. सकाळी सहाला संस्थेतून फोन आला की सगळं बारगळतं. ही पद्धत शिकवणारा कोच नेमावा का? आणि बाहेरच्यांकडून किती टक्के घ्यावेत?

— कोल्हापूर जिल्ह्यातून एक वाचक

उत्तर

नमस्कार.

डेटाबेस कुणालाही देऊ नका, नुसता वाचायलासुद्धा नको. ‘फक्त वाचतोय, बदलत तर नाही’ असं समोरचा म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण ज्या दिवशी त्याची क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) तुमच्या टेबलावर चालू झाली, त्या दिवसापासून त्या टेबलातल्या रकान्याचं नावसुद्धा तुम्हाला त्याला विचारल्याशिवाय बदलता येणार नाही. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही लेखी कबूल केलेल्या गोष्टींवरच नव्हे, तर बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबून बसतं. उत्पादकांची यादी सभासद क्रमांकाच्या क्रमाने येते हे तुम्ही कुठेही लिहिलेलं नसतं, पण ॲपवाल्याने ते गृहीत धरलेलं असतं.

फायरफॉक्स ब्राउझरने याची किंमत मोजली. त्यांची जुनी ॲड-ऑन (बाहेरच्यांनी लिहिलेले जोड-प्रोग्रॅम) ब्राउझरच्या पोटात कुठेही हात घालू शकत. म्हणून ती फार ताकदवान होती, आणि म्हणूनच आतला कुठलाही भाग हलवला की कुणाचं तरी ॲड-ऑन मोडायचं. शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी मर्यादित, ठरीव एपीआयची नवी पद्धत जाहीर केली आणि नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीत जुनी ॲड-ऑन बंद केली. सव्वादोन वर्षं सूचना देऊनही वापरणारे आणि ॲड-ऑन लिहिणारे, दोन्हीकडचे लोक नाराज झाले. तुमच्याकडे अजून एकही भागीदार आत आलेला नाही. वेस बांधायची ती आत्ताच.

मात्र एपीआय लिहायला लगेच बसू नका. सहा प्रतींवर एपीआय काढलात तर ते सहा एपीआय होतील, नाव एक असलं तरी. आधी प्रती एक करा, म्हणजे सगळ्यांचा एकच गाभा. प्रत्येक दोन प्रतींतला फरक काढा आणि त्याचे तीन ढीग करा: नुसतं सेटिंग करून भागेल असा, प्लगइन (गाभ्याला बाहेरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) म्हणून वेगळा काढावा लागेल असा, आणि का लिहिला होता हे कुणालाच आठवत नाही असा. तिसरा ढीग वाटतो त्याहून मोठा निघतो. तो लगेच फेकू नका. आधी तो कोड चालतो का हे पाहायला नोंद लावा, तीन महिने थांबा, मग काढा.

प्रती एक झाल्या की नाही हे कसं कळणार? जुनी बिलं नव्या गाभ्यातून पुन्हा काढून. प्रत्येक प्रतीच्या पाच संस्था निवडा: एक छोटी, एक हजाराच्या आसपास सभासदांची, एक गाय-म्हैस दोन्ही घेणारी, एक वारंवार वीज जाणारी, आणि एक अशी की जिचा सचिव सतत तक्रार करतो. बिल दर दहा दिवसांनी निघतं, तेव्हा प्रत्येकीची तीन महिन्यांची म्हणजे नऊ बिलं घ्या. ६ × ५ × ९ अशी २७० बिलं होतात. कच्चं संकलन नव्या प्रोग्रॅमला द्या आणि निघालेलं बिल जुन्याशी पैशापैशाने जुळवा. जिथे फरक येईल तिथे चूक जुन्याची की नव्याची, ते लिहून ठेवा. जुन्या चुकीवर वर्षभर पैसे वाटले गेले असतील तर ती गुपचूप दुरुस्त करू नका. संघाला कळवा, तारीख ठरवा, आणि तोपर्यंत चुकीचाच हिशेब चालू ठेवा. विचित्र वाटेल, पण हातात कमी पैसे पडलेल्या उत्पादकाला ‘आधी जास्त मिळत होते’ एवढंच दिसतं.

सगळ्यात जास्त फरक गोलाईत (म्हणजे दशांश जवळच्या आकड्याला नेण्यात) सापडतील, म्हणून ते जरा जवळून पाहू. मशिनने फॅट ४.२५ दिला. दरपत्रकाचे रकाने ०.१ च्या टप्प्याचे. म्हणजे हे दूध ४.२ चं की ४.३ चं? पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं राउंड ४.२५ चं ४.२ करतं, कारण अगदी मध्यावरची संख्या ते सम अंकाकडे नेतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचं टू-फिक्स्ड त्याच ४.२५ चं ४.३ करतं. तुमचा गाभा एका भाषेत आणि ॲप दुसऱ्या भाषेत असेल, तर कुणीही चूक न करता दोन दर निघतात. टप्प्याला ३० पैसे धरले तर साडेबारा लिटरला ३ रुपये ७५ पैशांचा फरक. दहा दिवसांच्या वीस वेळांत चारदा असं झालं की एका उत्पादकाचे १५ रुपये. तो ॲपमधला आकडा आणि संस्थेची पावती शेजारी धरून सचिवाला विचारणार. म्हणून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) पूर्णांकात साठवा, ४.२५ म्हणजे ४२५. रक्कम पैशांत ठेवा. गोलाईचा नियम (वर, खाली की नुसता काट) संघागणिक सेटिंग म्हणून ठेवा. आणि दर बाहेरच्या कुणालाही काढू देऊ नका. ॲपने दर विचारावा, मोजू नये.

आता वेशीच्या आत काय आणि बाहेर काय. आत चारच गोष्टी: संकलनाची नोंद, दर, बिल आणि खतावणी. या चुकल्या तर माणसाच्या हातात पडणारा पैसा चुकतो. बाकी सगळं बाहेर: मशिनचा ड्रायव्हर (मशिनकडून आकडे वाचणारा प्रोग्रॅम), एसएमएस, ॲप, पशुखाद्य, बँकेची फाइल, छापील अहवाल. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर या बाबतीत उघडून पाहण्यासारखं आहे, कोड सगळा खुला आहे. तिथे मूळ कोडला हात न लावता वेगळं ॲप लिहायचं, कुठल्या घटनेला आपला कोड चालवायचा ते हुकच्या फायलीत नोंदवायचं, आणि जादा रकाने कस्टम फील्ड म्हणून जोडायचे अशी रीत आहे. १४ व्या आवृत्तीच्या वेळी भारतातल्या जीएसटीचा भागसुद्धा गाभ्यातून काढून वेगळ्या ॲपमध्ये नेला गेला. करांचे नियम गाभ्याच्या गतीने बदलत नाहीत, ही साधी गोष्ट. तुमच्याकडची संघांची दरपत्रकं त्याच जातीची आहेत.

वेशीला दारं तीनच ठेवा. पहिलं, घटना कळवणारं: ‘संकलन नोंदलं’, ‘बिल मंजूर झालं’. हे काम झाल्यावर कळवलं जातं. प्लगइन मेलं तरी नोंद राहते. एसएमएस आणि ॲप इथे बसतील. दुसरं, दर विचारणारं: गाभा फॅट, एसएनएफ, लिटर, जनावर, तारीख आणि वेळ देणार, संघागणिक तुम्हीच लिहिलेल्या प्लगइनने दर द्यायचा. त्याने डेटाबेस पाहायचा नाही, नेटवर जायचं नाही, आणि २०० मिलिसेकंदांत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर गाभा शेवटच्या मंजूर दरपत्रकाचा तक्ता वापरेल आणि नोंदीवर तशी खूण करेल. डेअरीवर रांग लागलेली असते. माणूस किटली घेऊन उभा असताना स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं की सचिव सॉफ्टवेअर बंद करून वही उघडतो. तिसरं दार प्रस्तावाचं. पशुखाद्याच्या दुकानाने खतावणीत कपात लिहायची नाही, ‘या सभासदाच्या पुढच्या बिलातून ८४० रुपये कापा’ असा प्रस्ताव द्यायचा. उचल, शेअर्स, खाद्य यांतलं आधी काय कापायचं आणि बिलाच्या किती टक्क्यांपर्यंत कापायचं, हे गाभा ठरवेल.

प्रत्येक प्रस्तावाला पाठवणाऱ्याने स्वतःचा एकमेव क्रमांक दिलाच पाहिजे. गावात नेट तुटतं, दुकानाचा संगणक उत्तर आलं नाही म्हणून तोच प्रस्ताव पुन्हा पाठवतो, आणि त्या माणसाचे ८४० ऐवजी १६८० कापले जातात. क्रमांक तोच असेल तर गाभ्याने दुसऱ्यांदा काहीही न करता पहिलंच उत्तर परत द्यावं. ही सोय नंतर बसवू म्हणालात तर बसत नाही, कारण तोवर भागीदारांच्या कोडमध्ये क्रमांकाला जागाच नसते.

मशिनचा ड्रायव्हर मात्र वेगळ्या प्रोसेसमध्येच, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालवा. सिरियल पोर्ट (मशिनची वायर जोडायची जागा) अडकला की सगळा प्रोग्रॅम गोठतो, तो यामुळेच. ड्रायव्हरने मशिनची ओळ वाचून ठरीव साच्यात द्यायची आणि मूळ ओळही जशीच्या तशी जपायची. एक मशिन ०४२५ पाठवतं, दुसरं ४.२५, तिसरं आधी एसएनएफ मग फॅट. वाद झाला की मूळ ओळच कामी येते. पाच सेकंदांत ओळ आली नाही तर हाताने आकडा भरायचा रकाना उघडावा आणि नोंदीवर ‘हाताने’ असं उमटावं.

‘सगळी प्लगइन बंद करून चालू करा’ असं एक बटण पहिल्या दिवसापासून हवं. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसला हे फार उशिरा सुचलं. २०१९ च्या ५.२ आवृत्तीत त्यांनी रिकव्हरी मोड आणला. त्याआधी एका प्लगइनने घोटाळा केला की साइटच्या मालकाला आपल्याच साइटच्या आत जाता येईना. तुमच्या सचिवाला पहाटे फोनवर दोन वाक्यांत सांगता येईल इतकं ते सोपं असू द्या. आणि प्लगइन भागीदाराच्या सर्व्हरवरून थेट उतरवू नका. तपासलेली प्रत तुमच्याकडे ठेवा. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट कोडच्या सामाईक साठ्यावरून लेफ्ट-पॅड नावाचा ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि त्यावर आडून-आडून विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बिल्ड (कोडमधून चालता प्रोग्रॅम तयार करणं) अडली, हे तुम्हाला माहीत असेलच.

आवृत्त्यांना तीन आकडे द्या: जुनं मोडणारा बदल झाला की पहिला वाढवायचा, नवी सोय आली की दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. दार बंद करायचं तर किमान बारा महिने आधी लेखी कळवा, आणि त्या काळात कोण अजून जुनं दार वापरतंय याची यादी दर महिन्याला काढा. नुसती नोटीस लावून भागत नाही, फोन करावा लागतो. मार्चअखेर, आणि दिवाळीआधी ‘दर फरका’चं (संघ देतो त्या वाढीव दराच्या पैशांचं) वाटप होईपर्यंत वेशीवरचं काहीही हलवायचं नाही.

भागीदारांना सरावासाठी तीन खोट्या संस्था द्या, ४०, २५० आणि ९०० सभासदांच्या, वर्षभराच्या नोंदींसह. डेटा मुद्दाम घाण ठेवा: एकच नाव असलेले चार सभासद, मध्येच वीज गेलेली सकाळ, चुकून म्हशीचं म्हणून नोंदलेलं गाईचं दूध, रद्द करून पुन्हा काढलेलं बिल. स्वच्छ डेटावर सगळ्यांचीच प्लगइन चालतात. खऱ्या संस्थेचा डेटा सरावाला देणं २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर नकोच. त्यात मोबाइल आणि बँक खाती आहेत. प्रत्यक्ष जोडतानाही ॲपला फक्त त्या उत्पादकाची नोंद दिसावी, आणि खाद्यवाल्याला दूध किती हे दिसायचं कारण नाही.

आता स्क्रम. तुमचा स्प्रिंट मोडतो यात माणसांची शिस्त कमी पडते असं वाटत नाही. तुमच्या धंद्याला स्वतःचा ठेका आहे, दहा दिवसांच्या बिलाचा, आणि तुम्ही त्यावर चौदा दिवसांचा ठेका लादलात. म्हणून कधी स्प्रिंटचा शेवट ऐन बिलाच्या दिवशी येतो, कधी मध्येच. दोन आठवडे हा नियम नाहीच मुळी. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये (या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत) स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी, ठरीव लांबीचा, एवढंच आहे. तुम्ही १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे टप्पे धरा. शेवटचा टप्पा कधी आठ दिवसांचा तर कधी अकरा, मग लांबी ठरीव कुठे राहिली, असं कुणी काटेकोर माणूस म्हणेल. त्याच गाइडमध्ये असंही आहे की अर्धवट घेतलेलं स्क्रम हे स्क्रम नव्हे. तर मग नाव टाकून द्या. कामावरचा फलक पुसून ‘बिल-फेरी’ लिहा.

फेरीत नवी आवृत्ती बाहेर काढायचा दिवस ४, १४ किंवा २४. वेळ सकाळी अकरा, म्हणजे सकाळचं संकलन संपलेलं आणि संध्याकाळला सहा-सात तास हातात. ४ तारखेला ती फक्त पाच संस्थांना. त्यांचं ११ चं बिल नीट निघालं की १४ ला सर्वांना. एक पूर्ण बिल पाहिल्याशिवाय कुठलाही बदल ६०० जागी जाऊ द्यायचा नाही, मग तो एका ओळीचा असला तरी. ‘एका ओळीचाच बदल आहे’ म्हणून काढलेल्या आवृत्त्यांनीच पहाटेचे फोन येतात.

हा नियम गाभ्यापुरता. अहवाल, छपाई, ॲपमधले पडदे यांना तो लावलात तर तिथले लोक कंटाळतील. तिथे झालं की सोडा, चुकलं की मागे घ्या. सगळ्या कंपनीला एकच पद्धत असावी ही समजूत मोडायला हवी. सॉफ्टवेअरच्या कामाचे अभ्यासक बॅरी बोहेम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ मध्ये पद्धत निवडायच्या पाच कसोट्या मांडल्या: चुकीची किंमत, गरजा किती वेगाने बदलतात, टीम किती मोठी, माणसं किती तयारीची, आणि त्यांना मोकळीक मानवते की चौकट. त्यावर तुमचे दोन भाग ताडून पाहा. दोन्हीकडची माणसं सारखीच आहेत, पण बिल चुकलं तर गावाचे पैसे अडकतात; अहवालाचा रकाना सरकला तर कुणाचंही दूध नासत नाही. म्हणून गाभ्यात २७० बिलांची चाचणी पास झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही, आणि दारात बदल असेल तर आधी एक पान लिहायचं व दोघांनी त्यावर सही करायची. बाहेरच्या भागाला यातलं काहीच नको.

माणसांची वाटणीही वेशीप्रमाणेच करा. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं तसं, माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच प्रोग्रॅम घडतो. तुमच्या सहा प्रती झाल्या, कारण बहुतेक एकेक संघ एकेका माणसाकडे होता. चार जण गाभ्यावर, दोघं दारं आणि भागीदार यांवर, एक जण बाहेरच्या भागांवर, आणि एक पहाटेचा. पहाटेचा माणूस दर फेरीला बदलायचा. त्याने सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी तेवढाच वेळ फोन घ्यायचे, दुपारी सुट्टी, आणि फेरीच्या कामात त्याला शून्य धरायचं. बाकी सात जणांना सहाचा फोन जाता कामा नये. आलेल्या प्रत्येक फोनला एक शब्द लावा: मशिन, दर, बिल, प्रिंटर, वीज, शिकवणी. महिन्याने मोजा. पुढच्या फेरीत काय घ्यायचं ते त्या मोजणीतून कळेल, कामाचा आकार पॉइंटांत मोजण्याच्या बैठकीतून नाही. ती बैठक बंद करा. रोजची पंधरा मिनिटांची भेट ठेवा, पण दहा वाजता. फेरीअखेर मागे वळून पाहण्याची बैठकही ठेवा, आणि एका वेळी पद्धतीतली एकच गोष्ट बदला; तीन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

कोच आत्ता नको. त्या पैशांतून तुमच्या संस्थांत चालणाऱ्या प्रत्येक मशिनचा एकेक नग, जुना चालेल, आणून ऑफिसात फळीवर मांडा.

टक्केवारीचं म्हणाल तर पहिलं वर्ष टक्के घेऊच नका. प्लगइन तपासण्याचं ठरीव वार्षिक शुल्क घ्या. टक्के घ्यायचे तर त्यांची विक्री मोजत बसावं लागतं, आणि ६०० संस्थांवर त्यांचा धंदा अजून एवढा नाही की त्यावरून भांडावं. त्याऐवजी पुढच्या वर्षभरात तुम्ही स्वतः काय करणार आहात त्याची यादी त्यांना द्या. आज ॲपवाल्याला जोडून घेतलंत आणि सहा महिन्यांनी स्वतःचं ॲप काढलंत, तर पुन्हा कुणी येणार नाही. सुरुवात मशिनवाल्यापासून करा: त्याचं काम सगळ्यात मर्यादित आणि चुका लगेच दिसतात. खाद्यवाला दुसरा. ॲपवाला शेवटी, कारण त्याच्या मागण्या दर आठवड्याला बदलतील. आणि तिघांच्याही करारात पहाटे पावणेसहाला त्यांच्या प्लगइनबद्दलचा फोन कोण उचलणार, त्याचा नंबर असावा. तोच नंबर संस्थेच्या स्क्रीनवर त्या प्लगइनच्या नावासमोर दिसू द्या.